कणकेचे गुरुजी

गुरुजी,

तुम्ही प्लेगने गेला नाहीत. हे आधी लिहून टाकते, कारण आमच्या आजोळी अजूनही दोन-चार म्हातारी माणसं तसंच समजतात आणि समजावून सांगितलं तर नुसती मान हलवतात. तुम्ही गेलात ते पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, सुरतेतल्या तुमच्या त्याच खोलीत, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर. त्या मरणाची ओळसुद्धा कुठल्या पेपरात आली नाही. जे मरण तुम्हाला कधी आलंच नव्हतं ते मात्र ठळक टायपात, चौकटीत छापून आलं होतं. तो पेपर आठवला की आजही माझ्या तोंडाला घाण पाणी सुटतं. आधी वाटायचं की ही किळस फक्त त्या पेपरची आहे.

तुमचा तो फळा आठवतो. सुरतेच्या गोडादऱ्यातली आपली मराठी शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. बाप लूमवर, आया घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या, आणि आम्ही पोरं घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, तुमच्यापुढे आल्यावर मराठी बोलणारी. पडवीत तुम्ही एक फळा टांगला होता आणि त्यावर तीन रकाने आखले होते: पाहिलं, ऐकलं, वाचलं. रोज सकाळी प्रत्येकाने एक बातमी आणायची आणि ती नेमक्या रकान्यात लिहायची. बहुतेकांची बातमी 'ऐकलं'मध्ये जायची. 'पाहिलं'मध्ये लिहायला मिळालं की पोरगं दिवसभर छाती काढून फिरायचं. पाळी सुटल्यावर लूमवरची माणसं घरी जाताना तुमच्या फळ्यापुढे थांबायची, कारण गुजराती पेपर त्यांना वाचता येत नव्हता आणि मराठी पेपर एक दिवस शिळा यायचा. मला 'पाहिलं'मध्ये फार क्वचित जागा मिळाली. आमच्या गल्लीत पाहण्यासारखं काही घडतच नव्हतं.

आणि मग प्लेगचे ते दिवस आले. गणपती होऊन गेले होते, पुराचं पाणी ओसरून गल्लीत चिखल आणि मेलेल्या जनावरांचा वास राहिला होता. एका दिवसात सगळ्या सुरतेच्या तोंडाला फडकं बांधलं गेलं. नळाच्या पाण्यात विष आहे म्हणे, सरकार आकडे दाबतंय म्हणे, गाड्या भरभरून प्रेतं नेतायत म्हणे. खासगी दवाखान्यांना कुलपं लागली होती आणि त्यांचे डॉक्टर गाड्या काढून आमच्याआधी पळाले होते. मी सकाळी फळ्यावर 'पाहिलं'च्या खाली लिहिलं, तापीत प्रेतं टाकत आहेत. तुम्ही विचारलंत, कुठल्या पुलावरून, किती वाजता. मी नुसता खडू चोळत राहिले. तुम्ही ओरडला नाहीत. खिशातला रुमाल काढून ती ओळ पुसलीत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "बाई गं, माणसं आधीच घाबरलीत. तू आणखी मारू नकोस त्यांना." मग मला रकाना बदलूनही लिहू दिलं नाहीत. मी तुमच्यावर जळफळत खाली बसले.

त्या दिवशी तुम्ही स्वतः 'पाहिलं'खाली लिहिलंत: सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, वेळेवर आलेली माणसं बरी होत आहेत. पाळी सुटलेल्या लोकांनी ते वाचलं आणि तुमच्याकडे असं पाहिलं की जणू तुम्हीच काहीतरी लपवताय. माणसं बरी होत आहेत, ही कसली बातमी? ती मी कुठल्याही पेपरात वाचली नाही. संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी येऊन वडिलांना सांगितलंत की पळू नका, कोणाला ताप आला तर इथे औषध आहे, तिकडे गावात काहीच नाही. वडील हो हो म्हणाले आणि दुसऱ्या सकाळी आम्ही उधन्याहून गाडीत चढलो. तुम्ही मागे राहिलात, गोळ्या वाटणाऱ्या महापालिकेच्या लोकांबरोबर घरोघर फिरायला.

आम्ही आजोळी गेलो आणि ते तुमचंही गाव. वेशीबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आम्हाला आठवडाभर ठेवलं. भाकरी दुरून ठेवून जायचे. माझी सख्खी मामी दहा हातांवर उभी राहून नाकाला पदर लावायची. पण गंमत अशी, की आमच्या श्वासाला भिणारं गाव आमच्या गोष्टींसाठी मात्र हपापलेलं होतं. दुपार झाली की बायका शेडपुढे अंतर राखून बसायच्या आणि विचारायच्या, "मंग काय व्हयनं वं पोरी?" कोणी बरं झालं म्हटलं की त्यांची तोंडं पडायची. मेलं म्हटलं की सरसावून बसायच्या. हळहळ करताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक यायची ती मी लग्नाच्या पंगतीत पाहिली आहे, जिलेबीची परात येताना. शिसारी येते. पण तेव्हा मला ती चमक आवडली होती. आजवर मला एवढं कोणी ऐकलं नव्हतं.

गावातला एक खतांचा दुकानदार जिल्ह्याच्या एका पेपराचा वार्ताहर होता. तो वही आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आला. मी प्रेतांच्या गाड्या सांगितल्या, विषारी पाणी सांगितलं. त्याने जांभई दिली. "हे सगळं छापून झालंय, पोरी. नवीन सांग. तुमच्या शाळेत कोणी गेलं का?" मी म्हणाले, हो, गुरुजी. त्याने पेनाचं टोपण काढलं. पुढचं माझ्या तोंडून आपोआप आलं: फळ्यावर लिहिता लिहिता खोकला आला, खडू हातातून पडला, आणि गुरुजी तिथेच कोसळले. त्याने एकदाही विचारलं नाही, कुठल्या दिवशी, किती वाजता. तुम्ही विचारलं असतंत. आईला मात्र शंका आली. "कवय व्हयनं हाई?" तिने विचारलं, कधी झालं हे. आपण निघालो त्या सकाळी, मी म्हणाले. तिने भाकरीचं फडकं सोडायला घेतलं. दोन दिवसांनी पेपरात आलं: विद्यार्थिनीच्या डोळ्यांदेखत गुरुजी कोसळले. खाली तुमचं नाव, तुमच्या गावाचं नाव, आणि वर्गात आणखी कितीक मुलं गेली असावीत याचा त्याने स्वतःच्या पदरचा अंदाज.

तोवर आम्हाला गावात घेतलं होतं. तुमच्या अंगणात गर्दी झाली तेव्हा मामीने मला हाताला धरून तिथे नेलं, साक्षीदार म्हणून. तुमच्या मंडळी, आमच्या काकू, तेव्हा गावीच राहायच्या; त्या ओट्यावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. पेपर त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सगळ्या गोंगाटात हलक्या आवाजात विचारलं, "पोरी, दुसरासनं राहू दे. तू सोता देखं का?"

गुरुजी, त्या क्षणी मला सगळं मागे घेता आलं असतं. अख्खं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी म्हणाले, "हां, देखं."

तुमचे मोठे भाऊ सुरतेला निघाले होते, पण गाव म्हणालं, गेलात तर परत वेशीच्या आत घेणार नाही. तार करा असं कोणी सुचवलं, तर दुसरा म्हणाला की तार घ्यायला तिथे आहे कोण. सरकार प्रेतं परस्पर जाळतंय, हे सगळ्यांना पेपरातून माहीतच होतं, म्हणजे तुमची राखसुद्धा मिळणार नव्हती. मग म्हाताऱ्यांनी ठरवलं की कणकेचा पुतळा करून क्रिया उरकायची. तुमच्याच घरातल्या परातीत ती कणीक मळली. तिला हातपाय केले, तुमचा जुना सदरा फाडून गुंडाळला, आणि चष्मा हवाच म्हणून कोणीतरी तार वाकवून चष्मा करून लावला. नदीकाठी तुमच्या भावाने त्याला अग्नी दिला, डोकं भादरलं. इकडे बायकांनी काकूंच्या बांगड्या फोडल्या. मी दारात उभी होते. एक काच काकूंच्या मनगटात घुसली आणि कोणीही रक्त पुसलं नाही, कारण सगळ्या रडण्यात गुंतल्या होत्या.

दिवाळीच्या तोंडावर तुम्ही पिशवी घेऊन चालत आलात. तुम्हाला पाहून पोरं किंचाळत पळाली. भादरलेल्या डोक्यावर खुंट उगवलेले तुमचे भाऊ दारात आले आणि तुमचे पाय धरायचे की दार लावायचं, हे त्यांना कळेना. तुम्ही काकूंना बांगड्या भरायला बाजारात कासाराकडे घेऊन गेलात, तर कासार म्हणाला, "भरतो गुरुजी, पण आधी गावातल्या चार बायकांना विचारून या." त्या चार बायका म्हणाल्या, एकदा पुसलेलं कुंकू असं कसं लावायचं? ज्या बायकांनी पेपरावर विश्वास ठेवला त्यांना समोर उभा असलेला माणूस पुरेना. वार्ताहर दुसऱ्याच दिवशी हजर, तीच वही, तोंडावर लाज नाही. मृत्यूला हुलकावणी देऊन गुरुजी परतले, असं त्याला छापायचं होतं. तुम्ही त्याला विचारलंत, "आधीची बातमी कोणी दिली होती?" तो म्हणाला, तुमच्याच शाळेतली एक मुलगी होती, नाव विसरलो. मी गर्दीत आईच्या मागे होते. मामीनेच काय, गावात कोणीही माझं नाव घेतलं नाही, कारण एका पोरीचं ऐकून क्रिया उरकली हे मग त्यांनाच कबूल करावं लागलं असतं.

तुम्ही काकूंना कायमचं सुरतेला आणलंत. गोडादऱ्याच्या बाजारात त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या, तिथे कोणी काही विचारलं नाही. गावाकडे मात्र त्यांना पुढे कधीच हळदीकुंकवाला बोलावलं नाही, भाचीच्या लग्नात ओटी भरायला उठल्या तर हात धरून बसवलं. एका दुपारी, मी आठवीत असताना, अभ्यासाच्या निमित्ताने तुमच्याकडे होते. काकूंनी आपल्या दोघांना जेवायला वाढलं. तुम्ही वरण कालवता कालवता म्हणालात, "पोरगी कोण होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. मारायचं नाही मला तिला. फक्त विचारायचं आहे." काकूंनी माझ्या ताटात आणखी भात घातला आणि म्हणाल्या, "गर्दीमा कोन काय बोलनं, माले ध्यानमा नही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही मान डोलावलीत. मी तो भात खाल्ला, गुरुजी. वरण मागून घेतलं.

वार्ताहराला मी आजन्म शिव्या दिल्या. टीव्हीवर कुठल्याही साथीच्या बातम्या लागल्या की मी ताडकन उठून जाते आणि घरातले म्हणतात, हिला फार चीड आहे. मी त्यांना चीड म्हणू देते.

तुम्ही गेल्याचा फोन मला सकाळीच आला होता. मी तेव्हा सुरतेजवळ सचिन गावात नोकरीला होते, रिक्षाने तासाभरात पोचले असते. फोन ठेवला आणि पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. आता मला कोणी विचारणार नाही, असं वाटलं आणि छाती हलकी झाली. मग दुसरं काही डोळ्यांपुढे आलं. तिकडे बायका जमल्या असतील, काकूंचे हात पुन्हा धरले असतील, आणि मी दारात दिसले तर काकू त्या गर्दीतून मान वर करून माझ्याकडे बघतील. मी निरोप पाठवला की साहेब रजा देत नाहीत.

हे पत्र पाकिटात घातलं तरी त्या पत्त्यावर आता काकूच दार उघडतात. त्यामुळे ते इथेच राहील. साहेबांना मी विचारलंच नव्हतं.