कड्यावरची बाल्कनी

ता. ९, शनिवार

दादा,

आणि वर मलाच ऐकवतोस की घरासाठी मी काही करत नाही. बरं, नमस्कार. आईलाही सांग. मी ठीक आहे. जेवण बेताचं, खोलीत सहाजण, त्यातले दोघं घोरतात.

बाल्कनीचा नकाशा मिळाला. कड्याच्या बाहेर चार हात काढणार म्हणतोस, वर पाहुण्यांच्या खुर्च्या, खाली धबधबा. धबधबा कसला? कंपनीनं नदी पाइपात घालून विजेसाठी नेली आणि तुला झडपेवर बसवलं. सुट्टीच्या दिवशी तू झडप उघडतोस तेवढा वेळ धबधबा, मग नुसती भिंत. आणि तू लिहितोस, पाणीच बंद, मग कडा झिजणार कशानं?

झिजतो, दादा. मी इथल्या धबधब्यावर रोज दोरीला लटकून तेच बघतो. वरची फरशी काळी, टणक. तिच्याखालचा दगड मऊ, पापुद्र्यांचा. पाणी खाली आपटून उलटं उडतं आणि तो पोखरतं. फरशी अधांतरी राहते, एक दिवस तुटते, धबधबा तेवढा मागं सरकतो. आपल्याकडे तर मऊ थर वाळून तडकतो आणि पुढच्या सुट्टीला भिजला की गळतो. मागच्या वेळी झडप बंद असताना मी खाली उतरलो होतो. आत माणूस उभा राहील एवढी पोकळी आहे, बरोबर आईच्या स्वयंपाकघराखाली. दगड बोटांनी सुटत होता. सांगितलं, तर तू म्हणालास, "चार दिवस दोरीला लटकला आणि मला दगड शिकवतोय." आई हसली. तुझं बोलणं सोड, तिचं हसणं लागलं.

इथं आम्ही भेगांत सिमेंट भरतो, लोखंडी सळ्या ठोकतो आणि वरून शेवाळाचा रंग मारतो, फोटोत खरं दिसावं म्हणून. रंगाचं काम माझ्या जोडीदाराचं. भिंतीला चिकटून राहायचा म्हणून सगळे त्याला सरडा म्हणायचे. त्याच्या रंगावर एकदा खरी गोगलगाय येऊन बसली, तर दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरला.

म्हणायचे, असं लिहून गेलो. लिहायचं नव्हतं.

मंगळवारी फरशी तुटली. फार मोठा आवाजही नाही आला. त्याची दोरी त्याच फरशीतल्या सळीला होती, माझी मागच्या झाडाला. मुकादम म्हणाला, सकाळी तर ठोकून बघितली होती. बुधवारी काम परत चालू. रंगाचा डबा आता माझ्याकडे आहे.

बाल्कनीचे चाळीस हजार माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी दिले नसते. खालच्या गल्लीत आईला खोली बघ. कपाट, भांडी, शिवणयंत्र, सगळं पुढच्या सुट्टीच्या आत हलव. ती नाही म्हणेल. तिला सरड्याचं वाचून दाखव. तरी हसली, तर मला कळव.

तुझा, अजून तरी,
धाकटा

ट्रकचं भाडं आणि खोलीची अनामत, एवढंच पाठवतोय. सहा हजार.