उजवीकडची दाढ

४ मार्च
आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून भरपूर उजेड. घरमालकीण मावशी बोळकं पसरून हसतात, तोंडात औषधालाही दात नाही. मी दवाखान्यात कवळ्या बनवणार हे कळताच त्यांनी मला पोटाशीच धरलं. म्हटलं, सवड मिळाली की पहिली तुमची. डॉक्टरबाईंची नजर अधू झालीय, त्यामुळे कवळी घडवणं आणि तोंडात बसवून घासणं, दोन्ही माझ्याकडे. टेबलावर मेण, कानशी, वर फळीवर बिजागरीचे प्लास्टरचे जबडे. हात नुसते शिवशिवतायत.

११ मार्च
आज एका म्हाताऱ्याच्या जबड्याचं माप घेतलं, चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचलं. हेडमास्तर. आमचे बाबा त्यांच्या शाळेत शिपाई होते. हेडमास्तरांचं घड्याळ हरवलं तेव्हा यांनी बाबांना माझ्यासकट सगळ्या शाळेसमोर खिसे उलटे करायला लावले, वर म्हणाले, तोंड उघड, चोरा. बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. घासही आत जाईना. चाळीस दिवसांत गेले. मी नऊ वर्षांची होते.
त्यांनी मला ओळखलेलं दिसलं नाही. माझा मात्र त्यांच्यावर वीस वर्षांचा दात आहे. कवळीतली उजवीकडची शेवटची दाढ मी केसभर उंच ठेवली. कुणाला दिसणार नाही, पण घासागणिक टोचेल.

१९ मार्च
कवळी नेऊन चार दिवस झाले, हेडमास्तर परत आले. गाल बसलेत. चावता येत नाही म्हणाले, तेही अगदी अदबीनं. मी कानस घेऊन डावी बाजू घासली, म्हणजे उजवी आणखी वर. सवय होईल, म्हटलं. घरी येऊन जेवणावर असा ताव मारला की मावशी बघतच राहिल्या. वीस वर्षांत अन्न इतकं गोड लागलं नव्हतं.

२७ मार्च
एक आजीबाई उशीर झाला म्हणून खेकसल्या. त्यांचीही दाढ उंच ठेवली. ठरवलं नव्हतं, हातानंच केलं. बरी खोड मोडली.
हेडमास्तरांचा प्लास्टरचा जबडा मी रोज मिटून ठेवते. सकाळी उघडा असतो. हवा दमट असेल.

५ एप्रिल
गेले ते. कवळी परत द्यायला त्यांची मुलगी आली. म्हणाली, त्यांनी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, चेहरा वडिलांचाच म्हणाले. घड्याळ त्यांच्याच खणात सापडलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. घास उतरेना, तरी कवळी काढा म्हटलं तर ऐकेनात, ही माझ्याच वाट्याची म्हणायचे.
आनंद व्हायला हवा होता. शिक्षासुद्धा त्यांनी आपणहून घेतली. आता हा राग मी ठेवू कुठे?

९ एप्रिल
मावशींची कवळी दिली. नीट केलीय, अगदी बाबांची शपथ. तरी त्या उजव्या गालावर हात धरून बसल्यात. मोजली — केसभर उंच. घासली. मोजली — तेवढीच उंच.

१२ एप्रिल
चौथ्यांदा घासली. दाढ उरलीच नाही आता, तरी टोचते म्हणतात. फळीवरचे सगळे जबडे उघडे —

१४ एप्रिल
मावशी जेवत नाहीत. कवळी काढा म्हटलं तर, पोरीनं मायेनं केलीय, कशी काढू. आता ओठ घट्ट मिटलेत. बाबांसारखे, अगदी —
माझी काय चूक? नाटकं करतायत. मुद्दाम —

१५ एप्रिल
वही घेऊन त्यांच्यासमोरच बसलेय. चमचा पुढे केला. नाही. हनुवटी धरली, दाबली — हात माझाच. आवाज माझा नाही. नऊ वर्षांची असल्यापासून पाठ आहे तो मला. मावशी रडतायत, आणि मी म्हणतेय, तोंड उघड, चो—