टाइड टेबलच्या गाण्यातली काकू

ग्रिम्सबी, इंग्लंड
१२ जानेवारी २०२५

ती. हरिहरकाकांस,
सुशीलचा शि. सा. न. वि. वि.

काकू गेल्यापासूनचं हे माझं पहिलं पत्र. सव्वा वर्ष लागलं, रागावू नका. महिन्याला एक पत्र मराठीत, हाताने लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचं, हा नियम तिचा. ती तो फोटो छापून घेऊन लाल पेनने चुका दाखवायची, त्याचा फोटो परत पाठवायची आणि खाली तुमची एक ओळ असायची, मी ठीक आहे, जपून राहा. बारा वर्षांत तुमच्याकडून एवढंच मिळालंय, त्यामुळे आज थेट तुम्हाला लिहिताना जरा भीती वाटतेय.

आमच्या ‘टाइड टेबल’ या बँडला यंदा दहा वर्षं होतील. काकूने सांगितलं असेलच, पण तुम्ही तेव्हा बातम्या ऐकत असणार, म्हणून पुन्हा सांगतो. आम्ही तिघं आहोत. डेक्लन आणि रोशेल रॅप करतात, म्हणजे ठेक्यावर यमकं जुळवत भराभर बोलतात. संगीत आणि रेकॉर्डिंग माझं. पहिली चार गाणी आम्ही मासळीच्या गोदामातल्या बंद पडलेल्या शीतखोलीत रेकॉर्ड केली, कारण जाड भिंतींमुळे बाहेरच्या पक्ष्यांची कावकाव आत येत नसे. कपड्यांचा वास महिनाभर गेला नाही. लंडनचा एक माणूस म्हणाला, ग्रिम्सबीचे उच्चार सोडा, मी तुम्हाला मोठं करतो. डेक्लनने ग्रिम्सबीच्याच उच्चारात त्याला दिलेलं उत्तर मराठीत लिहिता येणार नाही. २०१९ची गाणी इथल्या रेडिओवर वाजली, आसपासच्या गावांत कार्यक्रम झाले. मग डेक्लन समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर गेला आणि आम्ही तीन वर्षं गप्प होतो.

आता सगळी गाणी एका तबकडीवर येतायत. खरी, काळी, सुईखाली फिरणारी. त्यात ‘पापड’ नावाचं गाणं आहे. लोक सगळ्यात जास्त तेच मागतात. त्याची सुरुवात काकूच्या आवाजाने होते. तबकडी काढणाऱ्यांना घरच्यांची लेखी परवानगी हवी आहे, २८ फेब्रुवारीच्या आत. नाही मिळाली तर गाणं वगळावं लागेल. सोबत फॉर्म आणि गाणं पाठवतोय.

काकूच्या वाट्याचा लोभही आता तुमच्याकडूनच हवा, तेव्हा जरा सढळ हाताने.

तुमचा,
सुशील


जिझान, सौदी अरेबिया
२० जानेवारी २०२५

चि. सुशील यास,
अ. उ. आ.

मी ठीक आहे. ही ओळ सवयीने आधीच लिहिली गेली.

पत्र वाचून बरे वाटले. तू स्टुडिओत नोकरी करतोस असेच तुझ्या बाबांना अजून वाटते. मी शशिकांतदादांना काही बोललेलो नाही, पुढेही बोलणार नाही. पवनचक्कीवर काम करणाऱ्या मुलाला कमरेचा पट्टा तपासून मगच चढत जा म्हणावे. मी इंजिनिअर आहे, एवढे सांगण्याचा मला हक्क आहे.

परवानगीचे मात्र जमणार नाही. तुझ्या काकूचा आवाज घरातला होता. तो अनोळखी लोकांनी नाचताना ऐकावा हे मला पटत नाही. गाणे मी ऐकलेले नाही. खरे सांगायचे तर मोबाइलमधले तिचे निरोपही मी लावत नाही. एकदा लावला होता. येताना दूध आणा, एवढाच निरोप होता. तोही पुरा ऐकवला नाही. तुझ्यावर राग नाही, हे लक्षात ठेव.

येथील थंडी म्हणजे एसीऐवजी पंखा. पुढच्या वर्षी इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, संपला की नोकरी संपवून नाशिकला यायचे ठरवले आहे. रविवारी पुण्याहून इराचा फोन येतो. मी मराठीत विचारतो, माझी लेक इंग्रजीत उत्तर देते. दोघांचे बरे चालते.

नकार मनाला लावून न घेता पत्रे लिहीत जा. तपासायला कोणी नाही म्हणून अक्षर बिघडवू नकोस.

तुझा,
हरिहरकाका


ग्रिम्सबी
२ फेब्रुवारी २०२५

ती. हरिहरकाकांस,
शि. सा. न.

तुमचं म्हणणं मी डेक्लन-रोशेलला सांगितलं. दोघंही लगेच म्हणाली, काका नाही म्हणाले तर नाही. तेव्हा वाद घालायला हे पत्र नाही. डेक्लनने पट्टा तपासला. तुम्हाला सलाम कळवलाय.

पण एक गोष्ट लपवून परवानगी मागितली, ते मला टोचतंय. त्या गाण्यात फक्त काकूचा आवाज नाही. तुमचाही आहे.

झालं असं की २०१८च्या डिसेंबरात डेक्लनने मला विचारलं, तुमच्या भाषेत यमकं जुळतात का. मी म्हटलं, माझी काकू नवऱ्याचं नावसुद्धा यमकात घेते. त्याला पटेना. म्हणून मी जिझानला फोन लावला आणि रेकॉर्डिंग सुरू ठेवलं. काकूने एका क्षणात उखाणा घेतला:

जिझानच्या दमट हवेत पापड काही वाळत नाही,
चहा घेतल्याशिवाय हरिहररावांना जग कळत नाही.

आणि ती थांबते न थांबते तोच तुम्ही आतल्या खोलीतून मोठ्याने विचारलंत, शीला, चहा झाला का? त्यावर काकू जी हसली आहे, ती हसतच राहिली. ठेका त्या हसण्यावर सुरू होतो.

काका, इथे कार्यक्रमात दिवे मंद झाले की चारशे माणसं एका सुरात विचारतात, चहा झाला का. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाईने ते टी-शर्टवर छापून घेतलंय.

तुमचा आवाज मी काढून टाकणार होतो. तेव्हा काकूचं जे पत्र आलं, त्याचा फोटो जोडलाय. फोटो नीट दिसला नाही तर म्हणून खाली उतरवतो:

“ह्यांचा आवाज कापलास तर याद राख. लग्नात माझं नाव घेता आलं नाही, जिलबी खाऊन वेळ मारून नेली. पंचवीस वर्षं ‘अगं’वर संसार चालला आहे. आणि आता घेतलं, तर फोनवर, तुम्हा सगळ्यांच्या देखत! मी ऐकलं, तूही ऐकलंस. आता त्यांना सांगू नकोस, नाहीतर चहा मागायचे बंद होतील.”

तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. आज मी तिचं ऐकलं नाही.

रागावलात तरी ते चार ओळी जास्त लिहून कळवा.

तुमचा,
सुशील


जिझान
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सुशील यास,
अ. उ. आ.

प्रथम रागच आला. सहा वर्षे मी ग्रिम्सबीत चहा मागत आहे आणि मलाच पत्ता नाही! इराला विचारले तर ती हसत सुटली. तिला सुरुवातीपासून माहीत होते. तिच्या फोनची रिंगही तीच आहे म्हणे. तरीच माझ्यासमोर फोन नेहमी गप्प असतो. बाबा, तुम्ही फेमस आहात, असे म्हणाली. एक शब्द सोडला तर मराठीत.

गाणे एकट्याने लावायचा धीर होईना. ऑफिसात माझ्या शेजारी हम्माद बसतो. येथलाच तरुण इंजिनिअर, शिकला मात्र तुमच्याजवळच्या हल शहरात. काल शुक्रवारी दुपारी त्याला गाडीत घेतले आणि कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून गाडी उभी केली. मी तीस वर्षे इंग्रजीत काम करतो, पण मला डेक्लनचे एकही वाक्य कळले नाही. हम्मादने सगळे समजावले. वडिलांनी विकलेली बोट, रिकामा धक्का, आजीच्या स्वयंपाकघरातली खिडकी. मिस्टर हरिहर, हे तर जिझानचंच गाणं आहे, असे तो म्हणाला. त्याचे आजोबा बोटीवर होते.

सुरुवातीचे मराठी त्याला समजावायचे काम माझ्याकडे आले. पापडापर्यंत ठीक गेले. पुढे मला थांबावे लागले. हम्मादने एसी एकने वाढवला. थोड्या वेळाने म्हणाला, यल्ला, चला, पुन्हा लावा. चार वेळा ऐकले.

इतके दिवस तिची आठवण आली की शेवटचे आजारपणच समोर येत असे. काल घरी येऊन दुधाचा निरोप लावला. पुरा ऐकला. मग जाऊन दूध आणले.

सही केलेला फॉर्म सोबत आहे. अट एकच. काहीही कापू नये. बोलणाऱ्यांच्या यादीत मला फक्त ‘चहा मागणारा’ लिहावे. शशिकांतदादांना तबकडी मी स्वतः नेऊन देईन. ओरडले तर दोघांनी मिळून ऐकून घेऊ.

लग्नात मला दादांनीच उखाणा पाठ करून दिला होता. मांडवात सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि एक शब्द आठवेना. जिलबीचे खरे आहे. हा नवा मी स्वतः केला आहे. दोन दिवस लागले. गाडीच्या काचा लावून फोनवर रेकॉर्ड केला आहे, तोही पाठवतो. तबकडीवर जागा उरली तर शेवटी घाल. बोललो तसाच लिहितो:

आलं किसलं, साखर घातली, चहा आला वर,
शीलाचं नाव घेतो, उशीर झाला, माफ कर.

चारशे माणसांना म्हणावे, झाला चहा.

प्रकृतीला जप, आणि तुझ्या माणसांनाही घरचा आशीर्वाद सांग.

तुझा,
हरिहरकाका

ता. क. तुझी दोन्ही पत्रे सोबत परत पाठवत आहे. पहिल्यात नऊ चुका आहेत, दुसऱ्यात अकरा. लाल पेन तिच्या शिवणाच्या डब्यात सापडले.