डोळे पिकेपर्यंत

आई, माझ्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढून झाला. दोन्ही वेळा सकाळी गेले, दुपारी घरी येऊन भाकरी खाल्ली. तो पिकायची वाट बघायची नसते म्हणे आता. नात रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेते आणि कॉलेजला पळते. तिला झालाय तो आजार आपल्या दादाचाच. मी फार थकलेय, पण हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्याला कळेल असं तुझ्याशिवाय कोण आहे?

आपल्या घरात ही दोन दुखणी एकाच वर्षी शिरली. तुझ्या डोळ्यांपुढे धुकं, आणि दादाला तहान. अजून दिसतो मला. रांजणाशी उभा राहून तांब्यावर तांब्या पाणी पितोय, आणि तो लघवीला जातो तिथं मुंग्या जमतायत. परतूरच्या वैद्यांनी तुझे डोळे बघून सांगितलं होतं, "पिकल्याबिगर चाकू लावत न्हाईत." बाबांनी तेच धरून ठेवलं. "मंग दोघायला एकदमच जालन्याला नेऊ," म्हणायचे. तुझं दुखणं थांबून राहणारं होतं, त्याचं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तो वाळत चालला आणि तुला तो दिसत नव्हता. त्याच्या मनगटावरून हात फिरवत तू म्हणायचीस, "उंच होऊन राह्यलंय पोरगं, म्हणून बारीक झालंय."

निजामाच्या आगगाडीनं जालन्याला पोचेपर्यंत तो नुसत्या धापा टाकत होता. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांकडे बघितलंही नाही. म्हणाले, औषध आहे, पण जन्मभर रोज टोचावं लागतं, आणि ते हैदराबादहून मागवावं लागेल. इतके दिवस काय करत होता? तू म्हणालीस, "माझे डोळे पिकायची वाट बघून राह्यलो, साहेब." औषध यायच्या आत दादा गेला.

सुतक फिटल्यावर बाबा तुला पुन्हा न्यायला निघाले. डोळे आता तयार होते. "आता कुणाला बघायचंय मला?" तू म्हणालीस, आणि जागची हलली नाहीस. मरेपर्यंत तशीच राहिलीस.

माझी पट्टी निघाली तेव्हा आरशात माझं सुरकुतलेलं तोंड लख्ख दिसलं, आणि या वयात मला रडू फुटलं. नातीला वाटलं, डोळा दुखतोय. हे पत्र टाकायला पेटी नाही, टाकायचंही नाही. पण एवढं कबूल करते, आई. "आता कुणाला बघायचंय मला?" असं तू म्हणालीस तेव्हा तुझा हात धरून मी उभी होते.