वाटणीतली डिश

कुर्डुवाडी,
२३ मे २०२४

चि. सतीश यास धोंडीराममामाचा आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. मनात फारसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या मामीचा गुडघा उन्हाळ्यात जरा कमी दुखतो. वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून मला सकाळी करमत नाही, ते अजून तसंच आहे. तुझ्या मेहुण्याचं लग्न थाटात झालं असेल. मनाली आणि मुलं मजेत असतील. अकलूजचं ऊन तुम्हाला बाधू नये.

फोन करायचा सोडून मामा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. माझा आवाज थोडा चढला की तुझी रेंज जाते. "मामा, कट होतंय," म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र करकंबला तुमच्या घरी न टाकता तुझ्या सासरी अकलूजला पाठवतोय, तेही मुद्दाम. पाकीट धड चिकटवलेलं नाही. तुझ्या आधी तिथं कुणी वाचलं तर वाचू दे.

वादळाची बातमी ऐकून मी तुमच्याकडे गेलो होतो. तुम्ही अकलूजला निघालात त्याच्या आदल्या संध्याकाळी ते झालं ना? स्टँडपासून तुमच्या घरापर्यंत पत्रे आणि फांद्या पडलेल्या होत्या. तुझ्या दाराला कुलूप होतं. मला वाटलं, माझ्या बहिणीला, बजाला पण लग्नाला नेलंय. चांगलं वाटलं रे मला, एवढा मी खुळा. परत फिरणार, तेवढ्यात मागच्या खोलीतून तिनं हाक मारली.

पुढच्या सगळ्या खोल्यांना कुलूप, स्वयंपाकघराला कुलूप, आणि तुझी आई मागच्या खोलीत. तिच्यासमोर पत्र्याचा डबा आणि डब्यात कडक भाकरी. शेंगाचटणीची पुडी. आपल्या सोलापूरच्या कडक भाकरीचं पाहुणे कौतुक करतात, पिशव्या भरून नेतात. पण ज्या बाईच्या तोंडात चार दात उरलेत तिच्यासाठी तोच डबा भरून ठेवायचं मनालीला सुचलं, आणि तुला ते दिसलं नाही? ती भाकरी पाण्यात भिजवून खात होती. मला बघून तिनं डब्यावर झाकण टाकलं. तुमची लाज तिनं झाकली.

भिंतीपलीकडे तुझ्या भावाकडे, नवनाथकडे, मटणाचा वास सुटला होता. मी जाऊन पिंकीला म्हणालो, "अगं, सासूला एक ताट दे की." ती म्हणाली, "त्या तिकडच्या हायत मामा. आमच्याकडं बाबा हायत, त्यांचं आमी बगतो." अगदी सरळ तोंडानं म्हणाली. वाटणीला विहिरीचं पाणी आठ-आठ दिवस, ट्रॅक्टर त्याला, रोटाव्हेटर तुला, बाबा त्याला, आई तुला. मला तेव्हा तुम्ही बोलावलंच नाही, कारण मी आरडाओरडा केला असता. केलाच असता. माणसं वाटून घेणाऱ्या घरात मी चहासुद्धा प्यायलो नसतो.

असो. मूळ गोष्ट डिशची आहे.

दाजींनी, तुझ्या बाबांनी, मला बघितल्या बघितल्या काय विचारावं? प्रवास कसा झाला, नाही. "धोंडीराम, डिश फिरलीया. लावतोस का?" बाकी काही नाही. तुम्हा दोघांच्या टीव्हीला मिळून ती एकच डिश, वाटणीच्या आधीची. खांब नवनाथच्या गच्चीवर, त्यातून एक तार त्याच्या घरात आणि दुसरी मधली भिंत ओलांडून तुझ्या घरात, मागच्या खोलीतल्या टीव्हीला. वाऱ्यानं तबकडीचं तोंड आग्नेयेकडून पार पंढरपूरच्या रस्त्याकडे झालं होतं. माझ्या पिशवीत पाना असतोच. चढलो. मला ह्यातलं विशेष काही कळतं असं समजू नकोस. नट सैल करायचा आणि हलवत बसायचं, एवढंच माझं ज्ञान.

नवनाथ वर येऊन उभा राहिला. हात लावला नाही. म्हणाला, "मामा, खांब आमच्या हद्दीत हाय. आमचं तेवडं लावा. तिकडची तार तिकडच्यांनी बगायची." मी त्याला खाली हाकलला. तोंड बघवेना त्याचं.

हे काम एकट्याचं नाही, तुला ठाऊक आहे. वर एकानं फिरवायचं आणि खाली एकानं टीव्हीवरची सिग्नलची पट्टी बघून ओरडायचं. खाली दाजी बसले, पण त्यांना माझं ऐकू येईना. तेव्हा बजा तुझ्या परसात येऊन उभी राहिली. मी वरून विचारायचो, "आलं का?" ती भिंतीला तोंड लावून विचारायची, "अवो, पट्टी सरकली का म्हनतोय दादा!" पलीकडून दाजी, "सरकली की! आता हलवू नगं म्हनावं!" ती मला सांगायची, मी नट आवळायचो, आवळताना तबकडी हलायची, आणि दाजी बोंबलायचे, "गेलं! गेलं!" आणि बजा हसायची. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. तिला असं हसताना मी कधी बघितलं होतं ते आठवेना. मग मला शंका आली की दाजी मुद्दाम "गेलं" म्हणतायत. खात्री केली नाही. उन्हात डोकं तापलं होतं, तरी फिरवत राहिलो.

शेवटी दाजींचा टीव्ही लागला. मी विचारलं, "बजा, तुझं आलं का गं?" ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे दादा. आमची तार वादळानं तुटलीया." आत जाऊन तिचा टीव्ही बघायचीही तिला गरज वाटली नाही.

संध्याकाळी सातला त्यांची मालिका लागते. दाजींनी आवाज एवढा मोठा केला की मला मागच्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला. बजा बंद टीव्हीसमोरून उठली, भिंतीला पाठ लावून बसली आणि ऐकायला लागली. मला कोण रडतंय, कोण कुणाची सून, ते सांगत होती. तेवढ्यात पिंकीचा आवाज आला, "बाबा, कमी करा की आवाज. शेजाऱ्यांना तरास होतोय."

शेजारी! सतीश, मला त्या क्षणी शिसारी आली. आयुष्यभर वर्कशॉपच्या ग्रीसमध्ये हात घातले, पण असं अंग घाण झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. आवाज बंद झाला. बजा तशीच बसून राहिली. "आता जाहिराती लागल्या असतील," म्हणाली.

वर मी लिहिलं की तार वादळानं तुटली. ते बजाचं म्हणणं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गच्चीवर जाऊन बघून आलो. वादळानं तुटलेली तार ओढली जाते, तिची साल सोलते. ही मधल्या भिंतीपाशी पकडीनं साफ कापलेली आहे. मला वाटलं नवनाथ. त्याची गचांडी धरायला मी निघालो, तर बजा आडवी आली. "त्यानं न्हाय दादा. त्याला बोलू नगंस." मग कुणी? मी खाली बसलो आणि म्हणालो, सांगेपर्यंत मी पाण्याला शिवणार नाही. तेव्हा बोलली.

अकलूजला निघायच्या दिवशी सकाळी तू मधल्या भिंतीला शिडी लावून वर चढलास. शिडी आईला धरायला लावलीस. तिला वाटलं, लेक डिश नीट करायला चाललाय. ती खालून "जपून रं बाबा" म्हणत होती. वरून तुकडा तिच्या पायापाशी पडला आणि तू पकड खिशात घालत उतरलास. "वादळानं गेली," म्हणालास. तिनं मान हलवली.

का कापलीस, तेही तिला माहीत आहे. ती आणि दाजी आपापल्या घरात एकच मालिका बघायची, आणि जाहिराती लागल्या की उठून परसातल्या भिंतीपाशी यायची, ती इकडून, ते तिकडून. "घरातलं तिकडं जातंय, असं मनाली म्हनती," बजा म्हणाली. काय जात होतं रे घरातलं? मी विचारलं तिला. गोळी घेतली का. पायाला तेल लावलं का. आज जेवायला काय होतं. त्यावर ती खोटंच सांगायची, वरण-भात होता म्हणून. तुझी अब्रू ती रोज त्या भिंतीवरून पोचवत होती, आणि तू तारच कापलीस. भावाचा राग भावावर काढायची तुझ्यात धमक नाही. शिडी धरून उभ्या असलेल्या म्हातारीवर काढलास.

त्याच दिवशी मी दोघांना घेऊन कुर्डुवाडीला आलो. नवनाथ म्हणाला, "बाबांना न्या, पर आईचं मला इचारू नका." मी त्याला काहीच विचारत नव्हतो. तुला त्यानं कळवलं नसेल. तुमचं बोलणं बंद आहे ना.

आता नीट वाच. तुम्हा दोघांपैकी कुणीही एकटा येऊन आपापल्या वाटणीचं माणूस मागणार असेल, तर माझ्या दारातूनच परत जाईल. मला काठी धरता येते अजून. नेताना दोघांना एका घरात नेणार असाल, तर दोघं भाऊ बरोबर या. तसं जमणार नसेल तर येऊ नका. माझ्या पेन्शनीत चौघं जेवतो आणि भाकरी मऊ असते.

आल्या संध्याकाळी तुझ्या मामीनं आतल्या खोलीत दोन गाद्या घातल्या. दाजी जाऊन बसले. बजा गाठोडं घेऊन उंबऱ्याबाहेरच उभी. मी म्हटलं, "जा की आत." तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, आमी दोगं एकाच खोलीत झोपलं तर चालंल का? सतीशला इचारायला नगं?"

काय सांगू तिला?

तुझ्या आईचा भाऊ,
धोंडीराम