दिवेलागणीच्या आत

मावशी, भिवंडीच्या कामतघरमध्ये तुला तुझ्या नावानं हाक मारणारं कुणीच नव्हतं. कापडाच्या कारखान्यातले यूपीचे कामगार तुला मेमसाब म्हणायचे, चाळीतल्या बायका मिशनवाली बाई म्हणायच्या, आणि आम्ही पोरं मावशी. मावशीला अहो-जाहो करायची पद्धत आमच्याकडे नाही, म्हणून मी आजही तुला अगं-तूगंच करते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता उतारवयात उगाच सभ्यपणा कशाला? गेले काही दिवस माझं कशात म्हणून लक्ष नाही. खिचडी दोनदा करपली. पाळणाघरातल्या एका पोराचा सदरा दुसऱ्याला चढवला आणि संध्याकाळी त्यांच्या आया माझ्याच दारात भांडल्या. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून विचारलं असतंस, ‘काय झाला गो तुला?’ कांडीवरच्या बायकांकडून उचललेली तुझी ती मराठी. नुसती ऐकली तर वाटावं, शेलार गावाकडची एखादी बाई बोलते आहे, आणि वळून बघावं तर उन्हानं नाक सोललेली, पांढरीफटक तू.

तू पोरांसाठी पहिली जागा घेतलीस ती तळ्याच्या पलीकडे, वस्तीपासून लांब. मी तेव्हा तान्ही होते, ही सगळी आईनं सांगितलेली गोष्ट. आया कारखान्यात कांडी भरायला बसायच्या, लूमच्या धोट्यात बसणाऱ्या बारक्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम, आणि पोरं तिथंच यंत्रांच्या मधे सुताच्या पोत्यांवर पडलेली असायची. ते तू बघितलंस. या लेकरांना आधी थोडी शांतता मिळायला हवी, असं तुला वाटलं. मोकळी हवा, पाखरांचा आवाज, धुतलेल्या चादरी, सगळं केलंस. आणि पोरं काही केल्या झोपेनात. दिवसभर नुसता आकांत. तू डॉक्टर आणलास, दूध बदललंस, गाणी म्हटलीस. मग एके दिवशी एक चार वर्षांचं पोर पळालं. तू शोधत शोधत कारखान्यात आलीस, तर ते आईच्या कांडीच्या मशीनखाली, कानठळ्या बसतील अशा खडखडाटात, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं. माझी आई शेजारच्या मशीनवर होती. ती म्हणाली, ‘आवाज हाय तवर आय हाय, असा वाटतं त्यांना. आवाज थांबला का पोरं उठतात.’

दुसऱ्याच दिवशी तू कारखान्याच्या मालकीणबाईंकडे गेलीस. त्या कोकणी मुसलमान, पिढ्यान् पिढ्या भिवंडीत राहिलेल्या, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. लूमच्या भिंतीला लागून असलेली मागची खोली तू मागितलीस तेव्हा त्या हसत सुटल्या. ‘अगो, आम्ही मालक असून तिथं घटकाभर बसत नाही. थंड देशातली तू, डोकं फिरेल तुझं.’ पण खोली दिली. तीच ही खोली, जिथं मी आता बसले आहे. भिंतीला पाठ लावून आम्ही सगळे दुपारी झोपायचो, भिंत अंगाखाली थरथरायची. वीज गेली की सगळी पोरं एकदम जागी होऊन गळा काढायची. मग तू धावत जाऊन शिलाई मशीनवर बसायचीस आणि दोरा न ओवता, कापड न घालता, नुसतं मशीन चालवत राहायचीस. वीज येईपर्यंत. घामानं तुझा झगा पाठीला चिकटलेला मला अजून दिसतो.

तुझा दिवस म्हणजे काय होता, मावशी? मला आता कळतं, कारण तो आता माझा आहे. सकाळी बारीक दातांची फणी घेऊन आमच्या केसांतले कापसाच्या रुईचे कण काढायचे. नाकं पुसायची. खरूज असलेल्याला बाजूला घेऊन मलम लावायचं. दुपारी जेवण. तुझी सुरुवातीची ती दुधातली गोड लापशी आम्ही तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायचो. शेवटी तू शहाणी झालीस आणि नाकाला ओढणी बांधून सुकट भाजायला शिकलीस. जेवणाआधी तू डोळे मिटून प्रार्थना म्हणायचीस, पण लूमच्या आवाजात ऐकू कुणाला येणार? तुझे नुसते ओठ हलायचे. आम्हांला वाटायचं, ही आमच्या आधीच काहीतरी खाते आहे. बाहेर लोक म्हणायचे, बाई पोरं बाटवायला आली. आई गावदेवीला नारळ फोडायची तेव्हा त्यातला तुकडा तुला आणून द्यायची, तू तो कडाकडा चावून खायचीस. तू मला तुझ्या देवासाठीसुद्धा कधी मागितलं नाहीस. याचाही मला पुढे राग यायचा, खरंच सांगते.

आणि तुझा नियम. दिवेलागणीच्या आत प्रत्येक पोर आपापल्या घरी. ज्यांच्या आया न्यायला यायच्या त्यांचं ठीक होतं. उरलेल्यांना तू हात धरून चालत पोचवायचीस. मी सगळ्यांत शेवटची. आमची खोली चाळीच्या टोकाला होती, पण नुसतं लांब म्हणून नव्हे. मी मुद्दाम मागे राहायचे, चप्पल लपवायचे, तांदळाच्या पिंपामागे दडायचे. तिथं मला शोधून काढल्यावर एकदा मी तुला खूश करायला म्हणाले होते, ‘माय मरो, मावशी जगो.’ चाळीत बायका म्हणायच्या, तेच. तू लाल झालीस. माझे दोन्ही दंड धरून म्हणालीस, ‘माय कशाला मरो? पुन्हा बोलायचा न्हाय असा.’ एवढ्या मोठ्यानं तू कधी बोलली नव्हतीस. वाटेत मी रडत होते आणि तू माझा हात सोडला नाहीस. दारात आई उभी. नियम करणारी तूच, पण कधीकधी अंधार पडल्यावर आम्ही पोचायचो. तू मनगटावर टिचकी मारून म्हणायचीस, ‘घड्याल मागं पडला गो.’ दार लावून घेतल्यावर आई म्हणायची, ‘बयेचा घड्याल आपल्याच पोरीच्या टायमाला बरा मागं पडतं.’ आणि मग दाराआडून बघून म्हणायची, ‘आजून उभीच हाय तिथं.’ मी विचारायचे, का? आई म्हणायची, दमली असंल.

मी सात वर्षांची असताना बाप निघून गेला. तू तेव्हा काही महिन्यांसाठी तुझ्या देशाला निघाली होतीस. आईनं मला तेल लावून न्हाऊ घातलं, लाल फ्रॉक घातला, एका फडक्यात माझे दोन कपडे बांधले आणि मला घेऊन इथं आली. तू स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होतीस. आई म्हणाली, ‘हिला घेऊन जा तुज्या देसाला. हितं काय हाय हिला?’ मला आठवतं, मी नुसती तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला पक्कं ठाऊक होतं की तू हो म्हणणार. तू आईला पाटावर बसवलंस. चहा केलास. तो ओतताना बराचसा बशीबाहेर सांडला. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘हिला आय हाय. मी न्हाय नेणार.’ बस, एवढंच. मग तू मालकीणबाईंशी बोललीस आणि आईला कायमची दिवसपाळी मिळवून दिलीस, म्हणजे रात्री मी एकटी राहायला नको. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी घरी जाताना आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. मला एवढंच कळलं की मावशीला मी नको आहे. ते मी मनात धरून ठेवलं. तू परत आलीस, पुन्हा माझे केस विंचरलेस, जाताना ती फणी मला देऊन गेलीस, दुखणं घेऊन तुझ्या देशात गेलीस आणि तिकडेच मातीत गेलीस, तरी ते माझ्या मनातून गेलं नाही. आईचं सगळं म्हातारपण मी काढलं, तिच्या शेवटच्या दिवसांत ती माझ्या मांडीवर होती, तरी नाही.

आता माझं ऐक. शेजारचा कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले. भिंत आता थरथरत नाही. आया आता पलीकडच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जातात, शेअर रिक्षानं, आणि त्या गोडाऊनचा आवाज काही इथवर येत नाही. माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई बिहारकडची, नवरा सोडून गेलेला. ही पोर दुपारी झोपत नाही, दाराकडे टक लावून बसते. तिला झोपवायला माझ्याजवळ कुठलाच आवाज नाही. शेवटी माझं बोट मुठीत धरून झोपायला लागली. सवय तिला लागली की मला, ते विचारू नकोस. मी तिच्यासाठी उशी शिवली. तिचे केस तुझ्या फणीनं विंचरते, केसांत रुई नसते तरी. आणि मग मागच्या आठवड्यात तिची आई आली. ठेकेदार तिला दुसऱ्या शहरातल्या गोडाऊनवर पाठवतो आहे, पगार जास्त, राहायला सामाईक खोली, पण मूल चालणार नाही. माझे पाय धरायला वाकली. ‘दीदी, आप ही रख लो इसको. तुमच्याकडे चांगली राहील. मेरे पास क्या है?’

मावशी, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. जिभेच्या टोकावर. मी म्हटलं, सांगते. तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालते आहे. चूल पेटवते आणि कशासाठी पेटवली ते विसरते. मला ठाऊक होतं काय करायचं ते. स्वयंपाकाला बाई हवीच आहे, बाजूची खोली रिकामी आहे. तिच्या आईलाच इथं ठेवता येईल. हे पहिल्याच क्षणी सुचलं होतं. पण ते बोलायला तोंड उघडेना, कारण ते बोलले की पोर तिच्या आईची झाली. म्हणजे ती होतीच तिच्या आईची. पण तुला कळतंय ना मी काय म्हणते? तुझ्यावर इतकी चिडले, मनातल्या मनात. तुला काय गं, तू सरळ नाही म्हणून मोकळी झालीस, असं म्हणाले. आणि मग एकदम ती बशी आठवली. चहा सांडणारी बाई नव्हतीस तू.

आज संध्याकाळी मी त्या पोरीला घेऊन निघाले. तळ्याच्या कडेनं गेलो, तिनं बदकं बघायला थांबवलं, मी थांबले. चाळीत तिची आई दारातच होती. मी एका दमात सांगून टाकलं, दम घेतला असता तर बोलताच आलं नसतं. ‘मी नाही ठेवणार हिला. तूच ये. जेवण करायचं पोरांचं, बाजूला खोली आहे. पगार गोडाऊनइतका नाही.’ ती म्हणाली, ‘हम दोनों?’ मी म्हटलं, दोघी. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, ठेकेदाराला काय सांगायचं ते उद्या बघते. उद्या ती काय ठरवेल, देव जाणे. मी दिवसभर दाराकडे बघणार, एवढं नक्की. पोरीनं माझं बोट सोडलं आणि पळत जाऊन आईच्या पायांना मिठी मारली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. दार लागलं, फटीतून आतला दिवा दिसत होता. आणि मी, मावशी, गल्लीत तशीच उभी राहिले. पाय निघेनात. आतून कुणीतरी म्हणालं असेल, अजून उभीच आहे. दमली असेल.

मी दमले नव्हते. तूही दमलेली नव्हतीस.

हे मी पाठवणार कुठे? तुझी माती कुठल्या गावात आहे तेही मला ठाऊक नाही. फडताळात, फणीजवळ ठेवून देईन. फक्त एक राहिलं. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता, चाळीत सगळीकडे दिवे लागले होते. तिच्या आईनं विचारलं, ‘आज लेट हो गया, दीदी?’ मी म्हटलं, घड्याळ मागे पडलं. मोबाइल माझ्या हातातच होता, आणि मोबाइलचं घड्याळ मागे पडत नाही हे तिलाही ठाऊक आहे.