उतारावर लावलेली जीप

बाबा, माझी नवी गाडी सिग्नलला उभी राहिली की आपोआप बंद होते, आणि क्लच दाबला की आपोआप सुरू. पेट्रोल वाचावं म्हणून. हे ऐकून तुम्हाला केवढा आनंद झाला असता! तर परवा तिची बॅटरी उतरली. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, घर ते शाळा एवढंच फिरवता, बॅटरीला भरायला वेळच मिळत नाही. अधूनमधून लांब न्या. मी हसतच सुटले. त्याला वाटलं असणार, बाईंचं डोकं फिरलं.

तुमचंही तेच होतं. पेट्रोल महागलं त्या दिवसांत केनवडच्या बाजारातून जवळपासच्या खेड्यांत सवाऱ्या नेताना तुम्ही प्रत्येक थांब्यावर जीप बंद करायचात, आणि बॅटरी सदा मेलेली. त्यावर तुमचा इलाज म्हणजे उतार. रात्री जीप देवळामागच्या उतारावर लावायची, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढला की गडगडत सुरू. नव्या बॅटरीचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, उतार फुकट आहे.

माझ्या मॅट्रिकच्या पेपराला नेमका त्या उतारावर कुणीतरी मुरूम टाकलेला, म्हणून जीप सपाटीवर. एसट्या सगळ्या पोहरादेवीच्या यात्रेला गेलेल्या. वाशिमला वेळेवर पोचले नाही तर वर्ष जाणार, आणि माझं लग्न उरकायला काका टपलेलेच. गल्लीत चिटपाखरू नाही. तुम्ही आणि आई मागून लोटताय, आणि स्टिअरिंगवर मी, जिला लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही कधी हॉर्नलासुद्धा हात लावू दिला नव्हता. तुम्ही मागून ओरडता तसा मी क्लच सोडते आणि जीप हिसका देऊन सुरू होते. तुम्ही धावत येऊन शेजारी उडी मारता. मी घाबरून ब्रेककडे पाय नेते.

"थांबू नोको," तुम्ही म्हणता. "बंद पडली तं पेपर गेला. तूच चालव."

वाशिमपर्यंत मीच चालवली. गिअर तेवढे तुम्ही टाकत होतात. परीक्षेच्या शाळेपुढे सवयीने तुम्ही किल्ली फिरवून बंद केलीत आणि तुमचा चेहराच उतरला. पुन्हा फिरवलीत, तर एका झटक्यात सुरू! एवढ्या लांबच्या फेरीत बॅटरी भरली होती, पण तुम्ही म्हणालात, पोरीचा हात लागला.

पास झाले, मास्तरीण झाले, सगळं झालं. हे पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून सांगते. परतताना मी वाटभर गप्प होते, ती पेपरामुळे नाही. स्टिअरिंगवर पुन्हा तुम्ही बसलात, त्याचा मला राग आला होता. अजून आहे.